मोटरसायकलला घरच्या घरी थ्रॉटल होल्डर बनवता येतो का?

लांबच्या प्रवासात उजव्या हाताला मुंग्या येतात, तेव्हा रेस एका जागी धरून ठेवणारे काही घरी बनवता येईल का आणि त्याने क्रूझ कंट्रोलचे काम होईल का, असे आपण विचारले आहे. बनवता येते, मी दोनदा बनवले आहे. क्रूझ कंट्रोलचे काम मात्र त्याने होत नाही. क्रूझ कंट्रोल वेगावर लक्ष ठेवते, चढ लागला की रेस वाढवते, उतारावर कमी करते आणि ब्रेकला हात लागताच स्वतःहून बाजूला होते. आपला होल्डर मूठ जिथे असेल तिथे धरून बसतो, मग पुढे चढ असो, उतार असो वा ट्रॅक्टर असो.

ट्रॅक्टरचे नाव मी उगाच घेतलेले नाही. जुन्या दीडशे सीसीच्या गाडीवर मी दर पंधरा दिवसांनी पुण्याहून सोलापूरला, म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटर, जात असे. भिगवण येईपर्यंत अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटे बधिर होत. तेव्हा सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर रुंदीचे कडे कापून ते मुठीच्या आतल्या टोकावर मी असे चढवले, की अर्धा भाग रबरी ग्रिपवर आणि अर्धा स्विचच्या डब्यावर बसावा. कार्ब्युरेटरमधली स्प्रिंग मूठ मागे ओढते आणि ट्यूब तिला घर्षणाने अडवते, एवढाच त्यातला कारभार. हात सोडल्यावर मूठ चार-पाच सेकंद टिकायची आणि मग सावकाश मागे फिरायची. तेवढ्यात बोटांची उघडझाप करून घेता येई, आणि माझे तेवढ्यावर भागत होते.

आमचे थोरले दाजी इंदापूरला असतात. सारी हयात वर्कशॉपमध्ये गेल्यामुळे ढिली वस्तू त्यांना पाहवत नाही. जानेवारीतल्या एका शनिवारी, ताईचा चहा उकळेपर्यंत, त्यांनी पाण्याच्या मोटरच्या पाइपला लावतात ती स्क्रूची क्लिप त्या ट्यूबवर चढवली आणि आवळून टाकली. "लावायचंच तर घट्ट लाव, नाहीतर काढून टाक," हे त्यांचे शब्द होते. मी नको म्हणालो होतो. हे ताईला आठवते. दाजींना आठवत नाही.

टेंभुर्णीच्या अलीकडे, दुभाजक जिथे तुटलेला आहे तिथून, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आडवा आला. माझा वेग ताशी ७२ किलोमीटरच्या आसपास होता, म्हणजे सेकंदाला २० मीटर. मूठ मागे फिरवायला मनगट लागते आणि पुढचा ब्रेक दाबायला त्याच हाताची बोटे लागतात. दचकलेला माणूस ब्रेक दाबतो आणि मूठ आपली आपण मागे जाईल असे धरून चालतो, कारण इतकी वर्षे ती गेलेली असते. त्या दिवशी ती गेली नाही. दोन्ही ब्रेक दाबूनही इंजिन गाडीला पुढे रेटत होते. क्लच दाबल्यावर रेटा थांबला, पण इंजिन असे किंचाळले की फडातली माणसे कोयते थांबवून पाहू लागली. इंजिन बंद करणाऱ्या लाल स्विचकडे नेलेला अंगठा क्लिपच्या बाहेर आलेल्या पट्टीच्या टोकावर घासून फाटला. गाडी थांबली तेव्हा मोळ्या हेडलाइटपासून हातभर अंतरावर होत्या. अंगठ्यावरचा व्रण अजून आहे.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे: होल्डर हातापेक्षा दुबळा असला पाहिजे. दोन बोटांच्या जोराने मूठ मागे फिरत नसेल, तर ती वस्तू गाडीवर ठेवू नये. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या मुठीला घर्षण कमी-जास्त करणारा एक स्क्रू असे. उजव्या हाताने इशारा देताना रेस पडू नये ही त्यातली सोय होती. कल्पना जुनीच आहे आणि वाईट नाही, फक्त तो स्क्रू दाजींच्या हाती देऊ नये. खरे क्रूझ कंट्रोल हवे असेल, तर ते कंपनीतूनच बसवून आलेली गाडी घ्यावी. टीव्हीएसच्या अपाची आरटीआर ३१० वर ते मिळते आणि २०२५ पासून हीरोच्या ग्लॅमर एक्स १२५ वरही मिळते, कारण या गाड्यांत मुठीकडून केबल जात नाही, विजेचा संदेश जातो.

बधिरपणाचे म्हणाल, तर मला पुढे असे आढळले की माझी रेसची केबल आतून गंजून खरखरीत झाली होती. नवी बसवल्यावर मूठ इतकी हलकी फिरू लागली की निम्मा त्रास तिथेच संपला. आपणही आधी केबल पाहावी. तळहाताला टेकू देणारी प्लॅस्टिकची पट्टी बाजारात मिळते. ती मूठ अडवत नाही म्हणून बरी, पण गर्दीत हात नुसता टेकला तरी रेस वाढते, त्यामुळे शहरात शिरताना ती फिरवून बाजूला करावी. हे आधीच सांगायला हवे होते, पण राहिले: पावसात, घाटात आणि गावाजवळ कोणताच होल्डर वापरू नये, आणि तो बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून मूठ अडकत नाही ना, हे उभ्या गाडीवर तपासावे. गाडीवरून उतरल्यानंतरही, किंवा रात्री झोपेत, मुंग्या येत असतील, तर गाडीचा नाद सोडून डॉक्टरांना मनगट दाखवावे.

दाजी अजूनही प्रत्येक लग्नकार्यात "याच्या ट्यूबनं याला मारलं असतं" असे सांगतात. ट्यूबवर मी त्याआधी तीन महिने विनातक्रार फिरलो होतो. क्लिपवर एक तासही झाला नव्हता. ती क्लिप मी जपून ठेवली आहे. त्यांना हवी असेल, तर त्यांनी ती न्यावी आणि पुन्हा पाण्याच्या मोटरला लावावी.