अमेरिकेत धनुष्यबाणाने प्रौढ व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीच्या) हरणाच्या नराची शिकार करताना बाण कधी सोडू नये?

नर पूर्ण आडवा, म्हणजे कूस आपल्याकडे करून, किंवा किंचित पाठमोरा उभा नसेल, तर शिंगे कितीही डौलदार असली तरी बाण सोडू नये. बाण गोळीसारखा धक्का देत नाही. त्याचे पाते फुप्फुसे कापते आणि रक्तस्रावाने हरीण मरते, म्हणून समोरून खांद्याच्या हाडावर धरलेला नेम बहुधा जनावराला नुसते जखमी करून सोडतो. शिवाय आवाज बाणाच्या तिप्पट-चौपट वेगाने जातो. दोरीचा खट्कन आवाज येताच सावध हरीण उसळी घेण्यासाठी आधी खाली दबते आणि बाण पाठीवरून निघून जातो. त्यामुळे 25 यार्डांपलीकडे मी नेम धरत नाही.

वैताग येतो तो निराळ्याच गोष्टीचा. चार-पाच वर्षांचा नर उजेडी सहसा समोर येत नाही, आणि नोव्हेंबरच्या माजात आलाच तर नेमका वारा फिरतो आणि त्याला माझा वास लागतो. गेल्या हंगामात एक नर 18 यार्डांवर आला, ओकच्या फांदीआड छाती झाकून उभा राहिला आणि तसाच निघून गेला.

परत मिळालेल्या बाणावर हिरवट, उग्र वासाचा ओलावा दिसला, तर बाण पोटात लागला असे समजून आठ ते बारा तास माग काढू नये. हुसकावलेले जनावर दूर जाते आणि बहुधा सापडत नाही.