मेडिकल कॅनाबिसच्या नोकरीसाठी कॅनडात येऊ का, असं विचारलंत म्हणून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.फार्म., सात वर्षं औषधांच्या गुणवत्ता तपासणीत (क्यूसीत), एचपीएलसी या घटक मोजायच्या यंत्रावर हात बसलेला, मुलगी सहावीत. कॅनडात वैद्यकीय गांजाच्या क्षेत्रात आपल्यासारख्यांना मागणी आहे असं ऐकलंय, तर पीआरसाठी, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी, अर्ज करावा का, आणि पुढे कधी परत यायचं झालं तर कायदा आडवा येईल का. शेवटी एक ओळ आहे, "ताई, घरी काय सांगू?" ती ओळ नसती तर मी उत्तर लिहायच्या भानगडीत पडले नसते.

पॉइंट किती लागतात, इंग्रजीची परीक्षा कोणती, डिग्रीचं मूल्यमापन कुठे करायचं, हे सगळं सरकारी वेबसाइटवर आहे. ते मी सांगत बसत नाही.

आधी धंद्याचं. मी आले २०१८ मध्ये. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला इथे गांजा कायदेशीर करणारा कॅनाबिस अ‍ॅक्ट लागू झाला आणि कंपन्या दिसेल त्याला ओढून घेत होत्या. माझी मुलाखत वीस मिनिटांत आटोपली. ऑडिट पाहिलंय का? यूएसएफडीएचं, अमेरिकेच्या औषध नियामकाचं, पाहिलंय. झालं, सोमवारपासून या. मला वाटलं, काय देश आहे! दोन वर्षांनी ती कंपनी बंद पडली. आमच्या शेवटच्या बैठकीत एचआरच्या बाईंच्याच डोळ्यांत पाणी होतं, कारण त्यांचंही नाव यादीत होतं.

हे आमचंच झालं असं नाही. ऑन्टॅरिओत स्मिथ्स फॉल्स नावाच्या गावात हर्शीचा चॉकलेटचा कारखाना होता. तो बंद पडल्यावर तिथे कॅनोपी ग्रोथ ही कंपनी आली. २०१८ मध्ये कॉन्स्टेलेशन ब्रँड्स या दारूच्या कंपनीनं त्यांच्यात पाच अब्ज कॅनेडियन डॉलर घालायचं जाहीर केलं, आणि २०२३ मध्ये तोच कारखाना हर्शीनं परत विकत घेतला. सगळ्यांनी लागवड केली अफाट, भाव कोसळले, आणि कर मात्र जागचा हलला नाही. ग्रॅममागे एक डॉलर किंवा किमतीच्या दहा टक्के, यातलं जे जास्त असेल ते अबकारी म्हणून भरायचं. भाव दहा डॉलर असताना हा हिशेब ठीक होता. तीन-चार डॉलरवर आल्यावर तोच एक डॉलर गळ्याला फास होतो. वैद्यकीय मालालाही हा कर आहे, वर विक्रीकर. डॉक्टरनं लिहून दिलेल्या इतर औषधांवर विक्रीकर नसतो.

म्हणून पहिली गोष्ट: एकाच मालकाला बांधलेल्या वर्क परमिटवर या धंद्यात येऊ नका. पीआर हातात असेल तर या. कंपनी बुडाली तर तुम्ही दुसरं काम शोधाल. बांधील परमिटवर असलात तर कामाबरोबर पायाखालची जमीनही जाते.

तुमच्या जमेची बाजूही आहे. कॅनडात माल जास्त झाला तशा कंपन्या निर्यातीकडे वळल्या, विशेषतः जर्मनीकडे. तिथे २०१७ पासून डॉक्टर हे लिहून देऊ शकतात, आणि एप्रिल २०२४ पासून ते अंमली पदार्थांच्या यादीतून बाहेर आलंय. जर्मनीला माल पाठवायचा तर ईयू-जीएमपीची, म्हणजे युरोपच्या औषधनिर्मितीच्या नियमांची, शिस्त लागते. इथे बाग फुलवणारे चिक्कार आहेत, पण डेव्हिएशन रिपोर्ट (ठरल्या पद्धतीपासून कुठे फरक पडला त्याची नोंद) नीट लिहिता येणारा माणूस शोधावा लागतो. सात वर्षं तुम्ही तेच केलंय. रेझ्युमेत ते वर घ्या.

‘मेडिकल’ या शब्दानं मात्र फसू नका. इथला वैद्यकीय गांजा औषध कंपन्यांनी आणलेला नाही, तो कोर्टातून आला. टेरन्स पार्कर नावाच्या अपस्माराच्या रुग्णाच्या खटल्यात ऑन्टॅरिओच्या अपील कोर्टानं २००० मध्ये निकाल दिला की रुग्णाला हे नाकारणं घटनेला धरून नाही, आणि २००१ मध्ये सरकारला नियम करावे लागले. त्यामुळे डॉक्टर जे देतो त्याला इथे प्रिस्क्रिप्शन म्हणत नाहीत, ‘मेडिकल डॉक्युमेंट’ म्हणतात. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. माल फार्मसीतून मिळत नाही, परवानाधारक विक्रेत्याकडून घरपोच येतो. आपण फार्मसीवाले आहोत म्हणून सांगते: पहिले सहा महिने मला सारखं वाटायचं की मधला एक माणूस गायब आहे. तो माणूस म्हणजे फार्मासिस्ट.

विज्ञानाबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, पण मला त्यातच मजा येते, म्हणून थोडं. झाडात टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, फारसं नसतंच, असतं ते टीएचसीए, त्याचं आम्लरूप. उष्णतेनं त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. रेणूभारात ३५८ मधून ४४ गेले, उरले ३१४. ३१४ भागिले ३५८ म्हणजे ०.८७७. या आकड्याशी तुमचं लग्न लागणार आहे. लेबलवरचं प्रत्येक ‘एकूण टीएचसी’ यातूनच निघतं. जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफीवर) केलंत तर इंजेक्शन पोर्टच्या उष्णतेनं टीएचसीए तिथेच मोडतं, म्हणून एचपीएलसी. गोळीत लेबलवरच्या मात्रेच्या ९५ ते १०५ टक्क्यांची तुम्हाला सवय असेल. इथे एकाच झाडाच्या शेंड्याचं फूल आणि तळाचं फूल यांत फरक, आणि दळायला घेतलं की राळ ग्राइंडरच्या पात्याला चिकटून बसते. म्हणजे जे मोजायचं तेच भांड्याला! गोठवून दळलं की जरा माणसात येतं.

आता खरी गोम. टीएचसीचा आकडा जेवढा मोठा तेवढा माल खपतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये एका लॉटचा आकडा विक्रीवाल्यांना कमी वाटला. पुन्हा तपासा म्हणाले, तपासला. तिसऱ्यांदा तपासा म्हणाले. मी विचारलं, पहिल्या दोन्हींत चूक कुठे आहे ते लेखी दाखवा, मग तिसऱ्यांदा करू. आठवडाभर ओढाताण चालली. मी सही केली नाही. याचा मला अभिमान होता. पुढे जे सांगणार आहे त्यासाठी हा आठवडा लक्षात ठेवा.

औषध म्हणून याचा उपयोग किती? ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टो या अपस्माराच्या प्रकारांत सीबीडीचा, म्हणजे झाडातल्या नशा न आणणाऱ्या घटकाचा, पुरावा चांगला आहे. एपिडिओलेक्स या सीबीडीच्या औषधाला अमेरिकेच्या एफडीएनं जून २०१८ मध्ये मान्यता दिली. मल्टिपल स्क्लेरोसिसमधला स्नायूंचा ताठरपणा, केमोच्या उलट्या, इथेही आधार आहे. जुनाट दुखण्यात थोडाफार. झोप, चिंता वगैरेंत अजून तरी पुराव्यापेक्षा श्रद्धा पुढे आहे. आणि सीबीडी निरुपद्रवी आहे म्हणणाऱ्याला क्लोबाझाम (अपस्माराचं औषध) आणि वॉरफरिन (रक्त पातळ करणारं) घेणाऱ्या रुग्णांबद्दल विचारा.

कागदपत्रांचं काय सांगू! क्वालिटी अशुअरन्स पर्सन, म्हणजे मालाच्या गुणवत्तेची जबाबदारी घेणारा माणूस, हे इथलं कायद्यानं नेमलेलं पद. त्यासाठी, आणि त्याच्या बदली माणसासाठीही, हेल्थ कॅनडाचं, म्हणजे इथल्या आरोग्य खात्याचं, सिक्युरिटी क्लिअरन्स लागतं. बोटांचे ठसे, मागच्या पाच वर्षांचे पत्ते, नोकऱ्या, सगळं. माझी डिग्री माहेरच्या नावावर, मधे वडिलांचं नाव. पासपोर्ट सासरच्या नावावर, मधे नवऱ्याचं नाव. अनुभवाच्या एका दाखल्यावर नावच नाही, नुसती आद्याक्षरं. फॉर्म विचारतो, तुम्ही आणखी कोणकोणत्या नावांनी ओळखल्या जाता? मी तीन लिहिली. समोरच्या बाईनं कागदावरून वर मान करून माझ्याकडे पाहिलं, जसं तिहेरी नावांनी फिरणाऱ्या ठगाकडे पाहावं. हे लफडं निस्तरायला मला सात महिने लागले. लग्नाचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि ‘या तिन्ही नावांची बाई मीच’ असं नोटरीचं प्रतिज्ञापत्र निघण्याआधीच करून घ्या. इथे येऊन ते मागवायचं म्हणजे भावाला रजा टाकायला लावायची, आणि मग तो ती रजा पुढे दहा वर्षं ऐकवतो.

कायद्याचं एक कलम मात्र कोणी सांगत नाही. आपल्या १९८५ च्या एनडीपीएस या अंमली पदार्थांच्या कायद्याच्या पहिल्याच कलमात लिहिलंय की तो भारताबाहेरच्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. इथल्या परवानाधारक कंपनीत नोकरी केली म्हणून कोणाला तिकडे त्रास झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पण निघण्याआधी एका वकिलाला पैसे देऊन विचारा, नातेवाइकाला फुकट नको. त्याच कायद्यात ‘गांजा’ म्हणजे फुलोरा, त्याच्याशिवायची पानं त्यात येत नाहीत, म्हणून आयुर्वेदात ‘विजया’च्या, म्हणजे याच झाडाच्या, पानांची औषधं आयुषच्या परवान्यावर निघतात. म्हणजे या कामाला तिकडेही थोडी जागा आहे. निर्णय घ्यायच्या आधी ती बघून घ्या.

सुट्टीवर जाताना लॅबचे बूट, लॅबचं जॅकेट, लॅबची बॅग, काही म्हणजे काही सामानात नको. कॅनडाची सीमा ओलांडताना एक थेंबही नेता येत नाही, वैद्यकीय कागद असला तरी. आणि "मावशीचे गुडघे दुखतात, एक बाटली तेल आण ना" असा फोन येणारच. नाही म्हणा. पहिल्या वेळी वाईट वाटतं. मलाही वाटलं होतं.

अमेरिकेत कोणी असेल तर हेही ऐका. तिथल्या सीमा खात्यानं २०१८ मध्ये सांगितलं की इथल्या कायदेशीर उद्योगात काम करणारा कॅनडाचा नागरिक दुसऱ्या कारणासाठी येत असेल तर साधारणपणे त्याला अडवणार नाही. निवेदन नागरिकांपुरतं. माझा पासपोर्ट भारतीय. नणंद न्यू जर्सीत, गाडीनं एका दिवसाची वाट. मी अजून तिच्या घरी गेलेले नाही.

एकटेपणाबद्दल सगळे पानंच्या पानं लिहितात. असतो. पहिल्या हिवाळ्यात जास्त असतो. होतं सवयीचं.

आता मुलीचं. माझा मुलगा आला तेव्हा आठवीत होता, मी आणि तो दोघंच. नवरा वर्षभरानं आला. पोरगं गणितात चांगलं, पाचवीच्या शिष्यवृत्तीत नाव आलेलं. इंग्रजी बोलायला मात्र लाजायचा. त्या वेळी इथे ऑन्टॅरिओत नववीसाठी दोन वाटा होत्या, ‘अकॅडेमिक’ आणि ‘अप्लाइड’. आपल्याला अप्लाइड ऐकलं की अप्लाइड मॅथ्स आठवतं, काहीतरी वरचंच वाटतं. इथे उलटं आहे. अप्लाइडमधून सरळ विद्यापीठाकडे रस्ता जात नाही. शाळेनं त्याच्यासाठी सगळ्या विषयांत अप्लाइडवर खूण करून फॉर्म घरी पाठवला, ‘भाषेचा ताण येऊ नये म्हणून’. तो फॉर्म घेऊन तो माझ्यासमोर उभा राहिला, त्याच लॉटच्या आठवड्यात. मी लॅपटॉपवर विक्रीवाल्यांना उत्तर लिहीत होते. डोकं वर न करता विचारलं, कुठे सही? त्यानं बोट ठेवलं. मी केली.

ज्या बाईनं आठवडाभर एका डब्याच्या लेबलवर सही करायला नकार दिला, तिनं ही सही पाच सेकंदांत केली.

कळलं नोव्हेंबरात. इथे नववीची मुलं एक दिवस आईवडिलांच्या कामावर जातात. आमच्याकडे अठराच्या खालच्याला आत घेत नसत. मी शाळेला फोन केला, की दुसरं काय करता येईल. बोलता बोलता त्याचे विषय निघाले आणि तेव्हा त्या बाईंनी समजावून सांगितलं. शांतपणे, सही माझीच आहे हेही. त्या दिवशी तो दिवसभर एका शेजाऱ्याबरोबर गेला. शेजारी इलेक्ट्रिशियन. पुढच्या उन्हाळ्यात ट्रान्सफर कोर्स करून गणित बदलता आलं असतं, मी मागे लागले, तो म्हणाला नको.

आज तो इलेक्ट्रिशियनच्या अप्रेंटिसशिपच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कमावतो, खूश असतो, घरातला फ्यूज गेला तर आम्हाला हात लावू देत नाही. कामात काहीच कमी नाही. पण हे त्यानं निवडलं की त्या फॉर्मनं, ते मला माहीत नाही, आणि त्याला विचारलं की तो हसतो. "आई, तू पुन्हा तेच काढलंस."

घरी काय सांगू, विचारलंत. मी चार वर्षं ‘औषधाच्या कंपनीत’ एवढंच सांगितलं. खोटं नव्हतं. घरात ‘कॅनाबिस’ म्हटलं की औषध वाटतं, ‘गांजा’ म्हटलं की पोलीस. पण असं अर्धं सांगत राहिलं की फोनवर बोलण्यासारखं हळूहळू काही उरत नाही. दिवस कसा गेला, याचं उत्तरच देता येत नाही. शेवटी सासऱ्यांना सांगितलं. वारकरी माणूस, मी घाबरलेच होते. म्हटलं, आपल्या मेंदूतही तसाच एक रेणू असतो, १९९२ मध्ये सापडला, शास्त्रज्ञांनी त्याला आपल्या ‘आनंद’ शब्दावरून ‘आनंदामाइड’ नाव दिलं. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आतच आहे म्हणतेस ना, मग बाहेरचा कशाला?" आणि विचारलं, पगार वेळेवर देतात का.

तेव्हा सांगून टाका. निघण्याआधीच सांगा, आणि ‘गांजा’ हाच शब्द वापरून सांगा.

नववीतली ती विभागणी आता इथे काढून टाकलीय, निवड दहावीपासून असते. म्हणजे तुमची मुलगी नववीत असताना, थंडीच्या दिवसांत, दहावीच्या विषयांचा फॉर्म घरी येईल. तेव्हा तुम्ही कामात असाल. फोटो काढून मला पाठवा. मी वाचून देते.