आधी बुर्ग, मग श्लॉस

प्रश्न : ताई, मी मूळची साताऱ्याची, सध्या म्युनिकला मास्टर्स करतेय. बाबांबरोबर लहानपणापासून गड हिंडलेय. इथे आल्यावर पहिल्याच रविवारी हौसेने निम्फेनबुर्गला गेले. नावात 'बुर्ग', म्हणजे किल्लाच असणार असं वाटलं. पण ना तट, ना बुरूज. नुसत्या बागा आणि झुंबरं. फार हिरमुसले. आता सप्टेंबरात 4 दिवस मोकळे आहेत. मैत्रिणी नॉयश्वानस्टाईनचाच आग्रह धरताहेत. संग्रहालयंही बघायचीत, पण खिशाला परवडायला हवीत. काय बघू?
— एक विद्यार्थिनी, म्युनिक

उत्तर : तुझं हिरमुसणं मला नेमकं कळलं. म्युनिकमध्ये मी नऊ वर्षं काढली आणि माझीही सुरुवात निम्फेनबुर्गच्या बागेत तट शोधण्यातच झाली. बुर्ग म्हणजे लढायचा किल्ला, श्लॉस म्हणजे राहायचा राजवाडा. निम्फेनबुर्ग नावाने बुर्ग असलं तरी जातीने श्लॉस आहे. 1662 मध्ये वारस जन्मला, त्या आनंदात बव्हेरियाच्या इलेक्टरने, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याने, पत्नीसाठी बांधायला घेतलेला तो उन्हाळी महाल. तिथे तट कुठून असणार?

म्हणून पहिला दिवस बुर्गहाउझेनला दे. म्युल्डोर्फला गाडी बदलावी लागते, पण जा. 1051 मीटर लांब, जगातला सर्वांत लांब किल्ला म्हणून तो ओळखला जातो. डोंगराची चिंचोळी सोंड, एका अंगाला साल्झाख नदी आणि तिच्यापल्याड थेट ऑस्ट्रिया, दुसऱ्या अंगाला तळं. सोंडेवर एकापाठोपाठ एक सहा अंगणं, मधे खंदक नि दरवाजे. एक अंगण पडलं तरी पुढचं लढत राहणार. मला तिथे राजगडाची संजीवनी माची आठवली आणि बराच वेळ पाय निघेना. बाहेरच्या टोकाकडून आत चालत जा, म्हणजे शत्रूच्या वाटेने. मग रचना आपोआप उलगडते. अंगणांत हिंडायला तिकीट नाही, आतल्या संग्रहालयांना आहे. बाबांना व्हिडिओ कॉल तिथूनच कर.

नॉयश्वानस्टाईनही चुकवू नकोस, फक्त किल्ला म्हणून जाऊ नकोस. तिथे कधी लढाई झालीच नाही. 1866 मध्ये प्रशिया या दुसऱ्या जर्मन राज्याकडून हरल्यावर बव्हेरियाचं बळ सरलं, आणि राजा दुसरा लुडविग याने 1869 पासून मनातलं मध्ययुग दगडात उभं करायला घेतलं. बाहेरून बुरूज, आत नळाचं पाणी नि गरम हवेची सोय! 1886 मध्ये तो वारला तेव्हा काम अर्धवटच होतं, आणि काही आठवड्यांतच महाल लोकांना खुला झाला. सिंहासनाच्या दालनात सिंहासन नाही. ते बनलंच नाही. रायगडावर सिंहासनाच्या जागेपाशी उभं राहिलेल्या माणसाला ते रिकामेपण फार लागतं, मला तरी लागलं. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या ज्या बैठकीत रायगड-राजगडासह मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा ठरले, तिथेच लुडविगचे राजवाडेही यादीत आले. तिकीट ठराविक वेळेचं असतं, ते आधी ऑनलाइन काढ. बसथांब्यापासून चढ अर्ध्या-पाऊण तासाचा आहे, म्हणजे तुला काहीच नाही. आत फोटो काढू देत नाहीत.

तिसरा दिवस न्युर्नबर्गचा. कायझरबुर्गवर सुमारे 50 मीटर खोल विहीर आहे. मार्गदर्शक तीत पाणी ओततात आणि आवाज वर यायची सगळे श्वास रोखून वाट बघतात. गडावर पाण्याची किंमत काय, हे आपल्याला सांगायला नको. खाली शहरात, जर्मानिशेस नाट्सिओनालम्युझेउम या संग्रहालयात मार्टिन बेहाइमचा पृथ्वीगोल आहे, आज शिल्लक असलेल्यांत सर्वांत जुना. काळ 1492 च्या आसपासचा, म्हणून त्यावर अमेरिका नाही आणि वास्को द गामा कालिकतला पोहोचायला अजून 6 वर्षं आहेत. कोणती दालनं उघडी आहेत ते आधी संकेतस्थळावर बघून घे.

चौथा दिवस रविवार येईल असं जमव. म्युनिकच्या आल्टे पिनाकोथेक या चित्रसंग्रहालयात रविवारी कायमस्वरूपी संग्रह 1 युरोत बघता येतो. न्युर्नबर्गच्याच ड्यूरर या चित्रकाराने 1500 मध्ये काढलेलं स्वतःचं चित्र तिथे आहे. समोरून थेट आपल्याकडे बघतो तो. सोमवारी मात्र बरीच संग्रहालयं बंद असतात.

डॉइचलांड-तिकीट, म्हणजे देशभरच्या प्रादेशिक गाड्यांचा महिन्याचा पास, असेल तर हे सगळं प्रादेशिक गाड्यांनी होतं. नसेल तर बायर्न-तिकीट, म्हणजे बव्हेरियापुरता एका दिवसाचा पास, काढ. ते कामाच्या दिवशी सकाळी 9 नंतर चालतं, आणि मैत्रिणी बरोबर असल्या की माणशी खूपच स्वस्त पडतं.