चिखल आधी बघा, मग लावा

गेल्या अंकात दुसऱ्या महायुद्धातल्या एसपी तोफांच्या मॉडेलबद्दल लिहिलं होतं. एसपी म्हणजे रणगाड्याच्या चासीवर बसवलेली, स्वतःच्या इंजिनवर पळणारी तोफ. त्यावर बेळगाव, खानापूर, चिकोडी भागातनं बरीच पत्रं आलीत, त्यातली चार घेतोय.

प्रश्न : सर नमस्कार. मी चिकोडी तालुक्यातला, घरची ऊसाची शेती आहे. अकॅडमी कंपनीचं एम-७ प्रीस्ट या अमेरिकन एसपी तोफेचं १/३५ मापाचं किट बांधलं, रंग पण मारून झाला. चिखल म्हणून रानातली काळी माती फेविकॉलात कालवून चाकांना आणि ट्रॅकला लावली, तर चिखल वाटतच नाही, खडी चिकटवल्यासारखं दिसतंय आणि वरनं चमकतंय. काय चुकलं?

उत्तर : माती खरी आहे म्हणून चिखल खरा दिसेल असं नसतंय बघा. १/३५ चा हिशोब करा, तुमच्या मातीतला १ मिलीमीटरचा कण त्या मॉडेलवर ३५ मिलीमीटरचा दगड झाला, म्हणजे रस्त्याच्या कामाला टाकतात ती खडीच की. माती उन्हात वाळवा, जुन्या तव्यावर चांगली गरम करा म्हणजे ओल जाते आणि पुढं बुरशी धरत नाही, मग कुटून आधी मैद्याच्या चाळणीतनं आणि नंतर जुन्या मलमलीच्या फडक्यातनं झटकायची, खाली जी धूळ पडेल तेवढीच आपल्या कामाची. चमक आली ती फेविकॉलची. मॅट म्हणजे चमक नसलेल्या वार्निशमध्ये कालवा, नाहीतर आता लावलंय त्यावर मॅट वार्निशचा हात मारा, चमक बसते. आणि कालवल्यावर मातीचा रंग बदलतो, तेव्हा आधी पुठ्ठ्यावर लावून पूर्ण वाळू दे आणि मगच मॉडेलकडं वळा.

पण मला जास्त सांगायचंय ते हे की चिखल कुठं लावायचा. आणि त्यासाठी तुम्हाला पुस्तक लागत नाही, तुमच्या दारात ट्रॅक्टर उभा असणार. गळीत हंगामात ऊस कारखान्यावर टाकून ट्रॅक्टर परत आला की धुवायच्या आधी अर्धा तास त्याच्याजवळ बसा आणि नुसतं बघा. मडगार्डच्या आतल्या अंगाला थरावर थर असतात, सगळ्यात खालचा जुना थर वाळून फिका झालेला आणि भेगाळलेला, त्यावर कालचा जरा गडद, आणि आजचा अजून ओला. बाहेरच्या अंगाला नुसते शिंतोडे, ते पण चाक फिरतं त्या दिशेनं मागं ओढलेले. चढायच्या पायरीवर बघा, मधोमध रंगच नाही, चपलेनं घासून घासून लोखंड उघडं पडून गुळगुळीत झालंय, आणि त्याच पायरीच्या दोन्ही कोपऱ्यांत माती दगडासारखी घट्ट बसलीय. चाकाच्या मधोमध जिथं ग्रीस बाहेर येतं तिथं धूळ चिकटून काळा ओलसर डाग, आणि बोटभर पलीकडं काही नाही. प्रत्येक डागाला कारण आहे, कारणाशिवाय एक पण डाग नाही.

आता हेच प्रीस्टवर न्या. प्रीस्टला वर छप्पर नाही, तोफेवरची माणसं कडेवरनं चढून आत उतरायची, तेव्हा त्या कडा आणि आतला तळ बुटांनी झिजणार. पुढं उजव्या बाजूला मशीनगनचं ते गोल कडं आहे ना, ते चर्चमधल्या पाद्र्याच्या व्यासपीठासारखं दिसायचं म्हणून ब्रिटिशांनी या गाडीचं नाव प्रीस्ट ठेवलं. त्या कड्यात मशीनगनवाला सारखा वर-खाली करणार, म्हणून तिथली कड थोडी उघडी दाखवा. बाकी सपाट पत्र्यावर नुसती फिकी धूळ पुरते.

प्रश्न : मी बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत फेटलिंगला आहे, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करायच्या कामाला. मुलासाठी किट आणलं आणि मीच त्यात अडकलो. प्रीस्टचं पुढचं गोल नाक कास्टिंगचं होतं म्हणतात पण प्लास्टिक तर काचेसारखं गुळगुळीत. एकानं सांगितलं वाळू चिकटव. चिकटवू काय?

उत्तर : वाळू नको. तुमचं पत्र वाचून मला लई बरं वाटलं, कारण हे काम आमच्यापेक्षा तुमच्या हाताला जास्त कळतंय. सँड कास्टिंगचा, म्हणजे वाळूच्या साच्यात ओतलेल्या भागाचा, पृष्ठभाग कसा असतो ते रोज बोटांना लागतंय तुमच्या, बारीक, मऊसर खडबड, सगळीकडं सारखी नाही, टोकदार तर अजिबात नाही. १/३५ मध्ये ती आणखी हलकी दिसली पाहिजे. मॉडेलची पुट्टी थिनरमध्ये ताकासारखी पातळ करा, जुन्या ब्रशचे केस आखूड कापा आणि उभ्या ब्रशनं ठोकत ठोकत लावा, ओढायचं नाही. वाळलं की ६०० नंबरच्या पॉलिश पेपरनं अगदी हलका हात फिरवा म्हणजे वरची टोकं मोडतात. पुट्टी नसेल तर प्लास्टिकचा पातळ सिमेंट, म्हणजे किट चिकटवायचा गोंद, लावून पृष्ठभाग मऊ झाल्यावर तसाच ब्रश ठोकला तरी जमतंय, फक्त एका वेळी बोटभरच जागा घ्या.

एक लक्षात ठेवा, सगळ्या प्रीस्टचं नाक सारखं नव्हतं. सुरुवातीच्या गाड्यांना ते तीन तुकड्यांचं, बोल्टनं जोडलेलं होतं, नंतरच्यांना एकसंध ओतलेलं. तुमच्या किटमध्ये कुठलं आहे ते आधी बघा. आणि खडबड फक्त ओतीव भागावर, बाजूचे पत्रे रोल केलेल्या प्लेटचे आहेत, ते साफच राहू दे. पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात ती रेघ, जिथं घासली असती तिथं खडबड पुसून एक सपाट पट्टा ठेवा. ही गोष्ट फार थोडी माणसं करतात, तुम्ही करा, फेटलिंगवाल्याच्या नजरेला तो पट्टा दिसल्याशिवाय राहणार नाही.

प्रश्न : काका, मी खानापूरची, अकरावीत आहे. जुलैमध्ये मॅट वार्निश मारलं आणि माझी हिरवी एसयू-७६, ती रशियन एसपी तोफ, पांढरट पडली, पावडर टाकल्यासारखी. आता सगळा रंग काढायला लागणार काय?

उत्तर : नाही गं बाळा, काढू नको. खानापूरच्या जुलैत हवेतच पाणी असतंय. स्प्रेतला थिनर भराभर उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो आणि त्या गारव्यावर हवेतली ओल धरते, ते पांढरं दिसतंय. कधी कधी बाटली नीट न हलवल्यामुळं पण तसंच होतं, मॅट करणारी पूड तळाला बसलेली असते. पाऊस उघडलेला एखादा कोरडा दिवस बघून त्यावर ग्लॉस वार्निशचा पातळ हात मार, बऱ्याच वेळा पांढरेपणा तिथंच जातो, मग दोन दिवसांनी बाटली चांगली हलवून मॅट मार. थांबायचंच नसेल तर पुठ्ठ्याच्या खोक्यात बल्ब लावून आतली हवा आधी कोरडी करून घे, पण मॉडेल बल्बपासून लांब ठेव, हात लावल्यावर नुसतं कोमट लागलं पाहिजे, नाहीतर प्लास्टिक वाकतंय. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर असेल तर तो आपल्याकडं पावसाळ्यात रोज रिकामा करायचा.

प्रश्न : मी बेळगाव कॅम्पात राहते. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, इटलीत लढून आले. घरात त्यांचा एकच फोटो आहे. आमच्या मागनं तोफा चालायच्या एवढंच ते सांगायचे. त्यांच्या आठवणीत एक तोफ बनवायची आहे, सेक्स्टनचं किट मिळालंय. ते बरोबर होईल ना? रंग कुठला, आणि गंज किती दाखवू?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी खरं ते सांगतो. इटलीत भारतीय पायदळ डिव्हिजनच्या मागं ज्या फील्ड तोफा असायच्या त्या मुख्यतः गाडीनं ओढायच्या २५-पाउंडर, म्हणजे सुमारे २५ पौंडांचा गोळा टाकणाऱ्या ब्रिटिश तोफा. पण सेक्स्टन या एसपी गाडीवर बसवलेली तोफ पण तीच, २५-पाउंडरच. प्रीस्टला अमेरिकन १०५ मिलीमीटरचा गोळा लागायचा आणि ब्रिटिशांना त्याचा वेगळा पुरवठा सांभाळायला लागायचा, म्हणून कॅनडात रॅम रणगाड्याच्या चासीवर आपली नेहमीची २५-पाउंडर चढवली आणि १९४३ पासून सेक्स्टन तयार व्हायला लागली, सुमारे २,१५० गाड्या झाल्या. तेव्हा आजोबांनी जो आवाज मागनं ऐकला तो याच तोफेचा असं तुम्ही मनात धरलं तर त्यात चूक नाही, आणि सेक्स्टन इटलीत होतीच.

वेळ धरायची तर एप्रिल १९४५ धरा. ९ एप्रिलला सेनियो नदीवर हल्ला सुरू झाला, त्याच दिवशी मराठ्यांच्या पहिल्या बटालियनच्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्याआधी जुलै १९४४ मध्ये वरच्या टायबर नदीच्या खोऱ्यात यशवंत घाडगे यांना तो मरणोत्तर मिळाला होता. सेनियोला दोन्ही काठांनी उंच बांध आहेत, तसा एक गवताळ बांध तळाच्या फळीवर केला तर जागा लगेच ओळखू येईल. आपल्या पश्चिमेकडची तांबडी माती मात्र तिथं वापरू नका. मला पण ती फार आवडते, पण तिकडची चिकणमाती वाळली की फिकट करडी होते, पिगमेंट, म्हणजे रंगाची कोरडी पूड, त्या रंगाचं घ्या.

रंग ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे मळकट हिरवा, ठेवा, आतनं पण तोच, पांढरा नको, उघड्या गाडीचा आतला भाग वरनं दिसतो. ग्लॉस वार्निश मारून कॅमलिनचा बर्न्ट अंबर ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करा आणि फक्त बोल्टच्या कडेला आणि सांध्यांत टेकवा, तो आपोआप पळत जातो. गंज अगदी कमी. विचार करा, १९४३ च्या पुढं बनलेली गाडी १९४५ मध्ये जास्तीत जास्त दोन वर्षांची, तिचा जाड पत्रा सडलेला नसणार. माझ्या पहिल्या मॉडेलवर मी नारिंगी गंज सगळीकडं लावला होता, आणि ती गाडी लढाईतली न दिसता भंगारात पडलेली दिसत होती, ते मला अजून खटकतं. सेक्स्टनचे ट्रॅक बहुतेक सगळे पोलादी, रबर नाही. त्यांच्यावर तपकिरी रंगाचा पातळ हात द्या आणि जमिनीला टेकणारा भाग पेन्सिलीच्या शिशानं घासा, चालून चालून घासलेलं लोखंड तसंच दिसतं.

आणि आत तळावर दोन-तीन रिकामी काडतुसं टाका. २५-पाउंडरचा गोळा आधी भरायचे आणि दारूचं पितळी काडतूस त्याच्या मागनं, त्यामुळं रिकामं पितळ तोफेजवळ साचायचं. एकच काडतूस घासलेल्या समईसारखं पिवळं ठेवा, बाकीची काळपट. झालं की आजोबांच्या फोटोशेजारी ठेवून एक फोटो काढा आणि मला नक्की पाठवा.