‘धाडसी भूमिका’ कोणाची?

प्रश्न : ताई, मी 24 वर्षांचा आहे, आमच्याकडच्या हौशी नाट्यसंस्थेत काम करतो. मी गे आहे. घरी आणि ग्रुपमध्ये कोणालाच माहीत नाही. यंदाच्या एकांकिकेत एक गे पात्र आहे, ते माझ्या मित्राला मिळालंय. तो गे नाही. तालमीत तो मनगट लचकवतो, मान वेळावतो. सगळे हसतात, मीही हसतो. घरी आल्यावर मात्र झोप लागत नाही. गे नसलेल्या नटाने अशी भूमिका करावी का? मी बोलू का? – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : बाळा, ‘मीही हसतो’ वाचून गलबलून आलं.

नट गे नसला तरी ही भूमिका करू शकतो, असं माझं मत आहे. ‘अलीगढ’ हा हिंदी सिनेमा बघ. त्यात मनोज बाजपेयींनी प्रा. रामचंद्र सिरस उभे केलेत. सिरस खऱ्या आयुष्यात अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक, कवी. 2010 मध्ये ते एका पुरुषासोबत असताना लोक कॅमेरे घेऊन त्यांच्या घरात घुसले, विद्यापीठाने त्यांना निलंबित केलं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 1 एप्रिलला निलंबनाला स्थगिती दिली आणि आठवड्याच्या आत ते घरात मृतावस्थेत सापडले. सिनेमात हा माणूस एकटा बसून, ग्लास हातात घेऊन लताबाईंचं गाणं ऐकतो. तेवढ्यात त्याचं सगळं एकटेपण कळतं. मनगट कुठेच लचकत नाही. आणि हे लिहिणारे अपूर्व असरानी स्वतः गे आहेत, ते त्यांनी जाहीरपणे सांगितलंय. लिहिताना आतलं माणूस असलं की काय फरक पडतो, तो तिथे दिसतो. ‘साबर बोंडं’ या मराठी सिनेमातही दिग्दर्शक रोहन कानवडेंनी आपल्या जगण्यातलंच आणलं. 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात त्याला मोठा पुरस्कार मिळाला.

मला राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. अशी भूमिका केली की लग्न झालेल्या नटाला लगेच ‘धाडसी’ म्हणतात, बायको काय म्हणाली तेही विचारतात. खरोखर गे असलेला नट मात्र तोंड उघडत नाही, कारण उद्या त्याला नवऱ्याची, प्रियकराची, मावळ्याची भूमिका कोणी देणार नाही. मधली काही वर्षं सोडली, तर 6 सप्टेंबर 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत समलिंगी संबंध कायद्याने गुन्हाच होते. म्हणून ‘गे पात्र फक्त गे नटानेच करावं’ हा नियम मला नको. त्यासाठी तुझ्यासारख्याला आधी जाहीर व्हावं लागेल, आणि ते कधी, कोणापुढे करायचं हे ठरवणारा तू एकटाच. दोन्ही प्रकारच्या भूमिका तुला मिळाव्यात, एवढंच मला हवंय.

आता तुझी तालीम. मागे आमच्या एका प्रयोगात असंच पात्र होतं आणि नट असेच हातवारे करायचा. मी ते सगळे बंद केले आणि त्याला एक काम दिलं : आई गावाहून येतेय, ती दाराशी पोचायच्या आत पलंगावरच्या दोन उशांपैकी एक कपाटात ठेवायची. पहिल्यांदा त्याने ती उचलून नुसती कोंबली. मी पुन्हा करायला लावलं. तिसऱ्यांदा उशीवर डोक्याचा खळगा राहिला होता, तो त्याने तळहाताने हळूच सपाट केला आणि मग कपाट लावलं. तालमीत कोणी हसलं नाही. चहा आणणारा पोरगाही किटली घेऊन तसाच उभा राहिला.

बोलायचं म्हणशील, तर स्वतःबद्दल काही सांगू नकोस, सांगावंसं वाटेल तेव्हा सांग. नट म्हणून दिग्दर्शकाला एवढंच विचार, ‘हा माणूस एकटा असताना काय करतो?’ हा प्रश्न कोणताही नट विचारू शकतो. मित्राला उशीचा प्रसंग करून बघायला सांग. भूमिका तुला हवी असेल, तर पुढच्या वाचनाला तीही माग. आणि उद्या तालमीत ते मनगट लचकलं, की तू हसू नकोस.