व्हॅल्युअर शेजारच्या फ्लॅटचं क्षेत्रफळ कुठून आणतो?

प्रश्न (थोडक्यात): मी सांगलीची, सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत पुण्यात एका व्हॅल्युअर (मालमत्तेची किंमत ठरवून देणाऱ्या) सरांबरोबर कोथरूडचा एक फ्लॅट बघायला गेले होते. तो फ्लॅट त्यांनी लेझर मीटरने मोजला. पण रिपोर्टमध्ये आजूबाजूला विकल्या गेलेल्या आणखी तीन फ्लॅटचं क्षेत्रफळ आणि दरही लिहिले. त्या तिन्ही फ्लॅटमध्ये आम्ही पाऊलही टाकलं नव्हतं. मग हे आकडे अंदाजपंचे असतात का? मामा म्हणतात, "ही मंडळी नुसतं रेडीरेकनर (सरकारी दरतक्ता) बघून दर ठोकतात, त्यात कसलं करिअर!" या कामात यावं का? त्यासाठी एम.टेक. करावं लागेल का?

उत्तर: मामांचं निम्मं खरं आहे. रेडीरेकनर उघडून, दहा-वीस टक्के वर चढवून केलेले रिपोर्ट बाजारात आहेत. पण रेडीरेकनरचा दर असतो मुद्रांक शुल्कासाठी. कर्ज देणाऱ्या बँकेला हवा असतो बाजारभाव, आणि तो आसपास खरोखर झालेल्या व्यवहारांवरूनच काढावा लागतो. व्यवहाराची रक्कम कागदावर मिळते. तिला भागायचं किती चौरस फुटांनी, इथे खरी गोम आहे, आणि तू नेमकं तिथेच बोट ठेवलंस.

सर काय करत असतील ते सांगतो. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमधून झालेल्या दस्तांची सूची क्रमांक 2, म्हणजे आपली इंडेक्स टू, काढता येते. तिच्यात मोबदला, म्हणजे व्यवहाराची रक्कम असते, रेडीरेकनरवरून काढलेला 'बाजारभाव' असतो, चौथ्या रकान्यात मिळकतीचं वर्णन आणि पाचव्यात क्षेत्रफळ. नवशिका थेट पाचव्या रकान्यावर उडी मारतो आणि तिथेच फसतो. तिथे नुसता "72.49 चौ.मीटर" असा आकडा दिसू शकतो. तो कार्पेट (घराच्या आतली वापरायची जागा) आहे की बिल्ट-अप (भिंतींची जाडी धरून), बरोबर टेरेस आहे का, पार्किंग आहे का, हे चौथ्या रकान्यातल्या लांबलचक मजकुरात दडलेलं असतं. तिथेही नसेल तर दस्ताची नक्कल काढायची आणि शेवटी जोडलेला फ्लॅटचा नकाशा बघायचा.

समज, असा एक फ्लॅट 96 लाखांना गेला. 72.49 चौ.मीटर म्हणजे साधारण 780 चौरस फूट, आणि वर्णनात लिहिलंय बिल्ट-अप. जुन्या इमारतींत कार्पेटला 1.2 ने गुणून बिल्ट-अप धरायची रीत होती, त्या हिशोबाने कार्पेट पडतो 650. एजंट मात्र छातीठोकपणे सांगतो, "साहेब, साडेदहाशेचा फ्लॅट आहे." तो बोलतोय सुपर बिल्ट-अपबद्दल, म्हणजे जिना, लिफ्ट, लॉबी सगळं लोडिंग धरून. आता तुम्ही मोजलेला फ्लॅट 620 कार्पेटचा आहे असं धर. एजंटच्या आकड्याने दर निघतो सुमारे 9,143 आणि तुमच्या फ्लॅटची किंमत होते 56.7 लाख. कार्पेटला कार्पेट लावून भागलंस तर दर 14,769 आणि किंमत 91.5 लाखांच्या वर. फ्लॅट तोच, व्यवहार तोच, फरक पस्तीस लाखांचा. मामांना हे उदाहरण जरूर दाखव.

1.2 हा मात्र कामचलाऊ आकडा आहे, पुरावा नव्हे. भिंतींची जाडी इमारतीगणिक बदलते. म्हणून दुसरा कागद लागतो. इमारत नवी असेल तर काम सोपं: महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर फ्लॅटच्या प्रकारानुसार कार्पेट दिलेला असतो. रेरा या 2017 पासून लागू झालेल्या कायद्याच्या व्याख्येत आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी टेरेस धरत नाहीत. 2017च्या आधीच्या करारांत 'कार्पेट' शब्द दिसला तरी त्यात बाल्कनी धरली असू शकते. दोन वेगवेगळ्या काळांतले कार्पेट शेजारी-शेजारी ठेवून सरासरी काढणं ही माझ्या मते या धंद्यातली सगळ्यात सर्रास होणारी चूक आहे.

इमारत जुनी असेल तर मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र. मालमत्ता कराचं बिलही बघतात, पण ते एकट्याने पुरत नाही. मुंबईत 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या, म्हणजे 46.45 चौ.मीटरपर्यंतच्या घरांना करमाफी आहे. त्या रेषेच्या आसपासचं घर असेल तर माफीसाठी क्षेत्र कमी दाखवलेलं असू शकतं, म्हणून मी तरी दोनदा बघेन.

आणि एक युक्ती, जी कॉलेजात कुणी शिकवत नाही. विकलेला फ्लॅट त्याच इमारतीत, त्याच उभ्या रांगेत असेल, समजा तुम्ही मोजलात 302 आणि विकला गेलाय 702, तर तुमची स्वतःची मोजणी 702 लाही लागू पडते. सर वर-खाली बघत, वॉचमनशी गप्पा मारत उभे होते ना? ते टाइमपास नव्हता. सातव्या मजल्यावर रेफ्युज एरिया (आग लागल्यास थांबायची मोकळी जागा) आहे का, वरच्याने बाल्कनी आत घेतलीय का, दोन फ्लॅट जोडून एक केलाय का, हे खालून खिडक्या मोजूनही कळतं आणि वॉचमनला तर सगळंच ठाऊक असतं. ड्राय बाल्कनी बंद करून स्वयंपाकघर वाढवलेलं असेल तर ती जागा वापरात आहे, पण मंजूर नकाशात नाही. रिपोर्टमध्ये ती वेगळी दाखवावी लागते.

तुमच्या सांगलीकडे बंगले आणि रो-हाउस जास्त. तिथे मालमत्ता पत्रक प्लॉटचं क्षेत्र देतं, बांधकामाचं नाही. जमिनीत आणखी एक खोडा: सातबारावर हेक्टर-आर असतं, लोक बोलतात गुंठ्यात आणि दोन्ही एकच समजतात. आर म्हणजे 100 चौ.मीटर, गुंठा 101.17. एकराला सुमारे 47 चौ.मीटरचा फरक पडतो. शहरालगतच्या जमिनीत तेवढ्यावर भांडणं होतात.

आता करिअरचं. कंपनी कायद्याखाली 'नोंदणीकृत मूल्यांकक' व्हायचं तर 2017च्या नियमांप्रमाणे जमीन व इमारत या वर्गासाठी सिव्हिल, आर्किटेक्चर किंवा नगररचनेची पदवी आणि नंतर पाच वर्षांचा अनुभव लागतो. पदव्युत्तर असशील तर तीन वर्षांचा. शिवाय मान्यताप्राप्त संस्थेचं सभासदत्व, तिचा 50 तासांचा अभ्यासक्रम आणि आयबीबीआयची (भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाची) परीक्षा, जिच्यात 60 टक्के गुण लागतात. नुसत्या डिप्लोमावर हे होत नाही, तुझ्या वर्गातल्या कुणाला विचारायचं असेल तर सांग. गृहकर्जाच्या कामासाठी प्रत्येक बँकेच्या पॅनेलच्या अटी वेगळ्या असतात.

म्हणजे एम.टेक.ने अनुभवाची दोन वर्षं वाचतात आणि ती एम.टेक.मध्येच जातात. फक्त यासाठी करू नकोस. त्याऐवजी पदवीनंतर त्याच सरांकडे किंवा सांगली-कोल्हापुरातल्या एखाद्या पॅनेल व्हॅल्युअरकडे लाग. सुरुवातीचा पगार साइटवरच्या ज्युनिअर इंजिनिअरपेक्षा कमी असू शकतो. घरी हे आधीच सांगून ठेव, नंतर वाद नकोत.

एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे. इंडेक्स टू मराठीत, सातबारा मराठीत, जुनी खरेदीखतं तर अशा मराठीत की चतुःसीमा वाचताना दम लागतो. बाहेरून आलेले हुशार इंजिनिअर इथे अडखळतात. तू ते सहज वाचशील.

आणि एक गोष्ट कठीण. कर्जदार, एजंट, कधी शाखेतला माणूसही "जरा बघा ना साहेब" म्हणत आकडा वर ओढायला सांगतो. हा दबाव थेट किमतीवर क्वचितच येतो. "तो 702 मोठा आहे हो, साडेसातशे धरा" असा क्षेत्रफळाच्या वाटेने येतो. तेव्हा हातात नकाशाची प्रत असेल तर नाही म्हणायला सोपं जातं.

या महिन्यात एवढं कर: तुझ्या ओळखीच्या एखाद्या इमारतीतले तीन व्यवहार ई-सर्चमधून काढ, तिघांचंही क्षेत्रफळ रेराच्या व्याख्येच्या कार्पेटमध्ये आण आणि प्रत्येक आकड्यापुढे तो कोणत्या कागदावरून घेतला ते लिही. ती वही घेऊन सरांकडे जा. कंटाळा आला तर स्ट्रक्चरल डिझाइनकडे वळायला तुला अजून पूर्ण सहामाही आहे.