मस्करी आणि वांशिक छळ यातला फरक कसा ओळखायचा?

तुम्ही विचारलंय की ऑफिसात नागालँडच्या मुलीला सगळे 'चिंकी' म्हणतात, तीही हसते, मग याला वांशिक छळ म्हणायचं का? हो, म्हणायचं. तिच्या हसण्यावर जाऊ नका.

ऐरोलीत एका कॉल सेंटरमध्ये मी टीम लीडर होते. मिझोरामच्या एका मुलीला पोरं 'मोमो' म्हणायची. ती हसायची. मीही हसलेय, ते आजही सलतं. पुढे तिच्या डब्याच्या वासावरून कुणीतरी बोललं आणि तिने डबा आणणंच सोडलं. आमच्या टेबलावर येईना. कॅबमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून खिडकीबाहेर बघत राहायची. 'अबोल आहे' म्हणून मी सोडून दिलं. राजीनामा देताना ती एवढंच म्हणाली, "मॅडम, इथे मला कुणी नावाने हाक मारली नाही."

ओळखायचं ते इथे. समोरचा माणूस काय काय टाळायला लागलाय, ते बघा. कामात चूक झाली म्हणून कुणी ओरडलं तर तो वेगळा विषय. पण त्याच ओरडण्यात 'तुम्ही चायनीज लोक' आलं की तो वांशिक झाला.

ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यातली व्याख्या मला नेमकी वाटते. वंशाशी, म्हणजे रंग, राष्ट्रीयत्व किंवा वांशिक मूळ यांच्याशी संबंधित नकोसं वागणं, ज्याच्या हेतूमुळे किंवा परिणामामुळे माणसाची प्रतिष्ठा दुखावते किंवा भोवतालचं वातावरण अपमानास्पद होतं. त्यातल्या 'किंवा'मुळे 'माझ्या मनात तसं नव्हतं' एवढ्यावर सुटता येत नाही.

आपल्याकडे वांशिक टोमण्यांसाठी स्वतंत्र कलम नाही. २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानियाचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. सुरुवात त्याच्या दिसण्यावरून चिडवण्याने झाली होती. त्यानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या बेझबरुआ समितीने अशी कलमं सुचवली होती. मात्र तुमच्या ऑफिसातली ती मुलगी अनुसूचित जमातीची असेल आणि चारचौघांत मुद्दाम अपमान झाला असेल, तर ॲट्रॉसिटी कायदा लागू होऊ शकतो. जमातीची नोंद दुसऱ्या राज्यातली असली तरी चालते, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये स्पष्ट केलंय.

पण तक्रार तिला न विचारता करू नका. आधी एकटीला गाठून विचारा, तारखा आणि नेमके शब्द लिहून ठेवा. आणि उद्या सगळ्यांसमोर तिला तिच्या नावाने हाक मारा.